केंद्रातल्या शिक्षकांसाठी साहित्य एका ठिकाणी आणायचंय: वेकलेट घ्यावं, पॅडलेट की आणखी काही?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलत्याच वाटेला जाणार नाही. तुमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तेरा शाळा आहेत, पन्नासच्या आसपास शिक्षक. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर पीडीएफ, व्हिडिओ, कार्यपत्रिका, प्रश्नपेढ्या येत राहतात आणि हवी ती गोष्ट हवी तेव्हा सापडत नाही. तुम्ही तंत्रस्नेही म्हणून ओळखले जाता, म्हणून केंद्रप्रमुखांनी ‘हे सगळं एका ठिकाणी आणा’ असं काम तुमच्याकडे दिलंय. वेकलेट (लिंकांचे संग्रह करायचं साधन), पॅडलेट (सगळ्यांनी मिळून भरायचा ऑनलाइन फलक), गुगल साइट (साधं संकेतस्थळ) आणि टेलिग्राम यांपैकी काय घ्यावं, केलेलं लोक वापरतील का, आणि मुलांच्या कामाचे फोटो-व्हिडिओ त्यात टाकायचे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि गेली बरीच वर्षं गट साधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शिक्षकांना मदत करणाऱ्या कार्यालयात, विषय साधन व्यक्ती म्हणून काम करते. शिक्षकांसाठी असे संग्रह उभे करणं आणि चालते ठेवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यावरून सांगते: चारांपैकी कोणतंही साधन घेतलंत तरी काम होऊ शकतं, आणि चारही घेतलीत तरी ते फसू शकतं. सगळं एका ठिकाणी आणलंत, तर ग्रुपवरचा ढीग फक्त नव्या पत्त्यावर जाईल. ढिगातून काय ठेवायचं, काय सोडून द्यायचं, आणि ठेवलेल्या गोष्टीबद्दल दोन ओळी कोण लिहिणार, हे ठरल्याशिवाय साधनाला हात लावू नका.

असं का म्हणते ते एका शिक्षिकेच्या बाजूने पाहा. तिसरीचा वर्ग आहे, उद्या हातच्याची वजाबाकी घ्यायची आहे, रात्रीचे नऊ वाजलेत. ती ग्रुपमध्ये ‘वजाबाकी’ शोधते. महिन्यापूर्वी कोणीतरी टाकलेली उत्तम कार्यपत्रिका तिथेच आहे, पण तिचं नाव ‘डीओसी-२०२३०६१४-डब्ल्यूए००१२’ असं काहीतरी आहे, कारण व्हॉट्सॲपवरून साठवलेली फाइल पुढे पाठवली की बऱ्याचदा नावात फक्त तारीख आणि क्रमांक उरतो. फाइलच्या आत शोधावं, तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची गिचमीड वाटते, म्हणून शोधात ती येतच नाही. त्यात ज्यांनी फाइल पाठवली त्यांनी वर लिहिलेलं असतं, ‘अतिशय उपयुक्त, सर्वांनी नक्की पाहावे’. कोणत्या इयत्तेसाठी, कशासाठी, काही नाही. शेवटी ती यूट्यूबवर जाते, पहिला दिसेल तो व्हिडिओ घेते आणि सकाळी वर्गात लावते.

तिला ढीग नकोय. तिला एक व्हिडिओ, एक कार्यपत्रिका आणि ‘हे मी माझ्या वर्गात केलं, असं झालं’ सांगणारा कोणीतरी ओळखीचा शिक्षक हवाय. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. तुमच्या संग्रहाचं मोजमाप या एकाच कसोटीवर करा: रात्री नऊ वाजता शोधणाऱ्या शिक्षिकेचा वेळ वाचला का.

आता ते दोन ओळींचं टिपण. सगळी किंमत त्यातच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ‘छान व्हिडिओ’ हे टिपण नव्हे. मला अपेक्षित असलेलं टिपण साधारण असं असतं:

‘इयत्ता तिसरी, गणित, हातच्याची वजाबाकी. ६ मिनिटं, पहिलं दीड मिनिट सोडून द्या. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे कसे होतात, हे काड्यांनी नीट दाखवलंय. आवाज बंद करून लावला आणि काय चाललंय ते मुलांना सांगायला लावलं, तेव्हा जास्त कळलं. ४०२ वजा १७८ सारख्या, मध्ये शून्य असलेल्या उदाहरणाला हा पुरत नाही. तिथे आधी शतकाचा गठ्ठा सोडून दाखवावा लागतो.’ खाली वापरणाऱ्या शिक्षिकेचं नाव आणि शाळा.

यात काय काय आलं पाहा. किती वेळ लागेल ते आलं, कुठून सुरू करायचं ते आलं, वर्गात कसं वापरायचं ते आलं आणि कुठे कमी पडतं तेही आलं. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि माझ्या अनुभवात शिक्षकांचा विश्वास त्याच वाक्यावर बसतो. उणीव सांगितली की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणाऱ्याने हे खरोखर वर्गात नेलंय. अनेक ज्येष्ठ शिक्षक असं बोलून अप्रतिम सांगतात, पण लिहायला बसत नाहीत. त्यांच्यासमोर फोन धरा आणि मराठी व्हॉइस टायपिंग लावा, किंवा आवाज रेकॉर्ड करून नंतर तुम्ही लिहून काढा. पंचवीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेल्या बाईंचं एक टिपण दहा व्हिडिओंपेक्षा मोलाचं असतं, आणि त्या निवृत्त झाल्या की ते ज्ञान केंद्रातून जातं. हे मला फार मनापासून वाटतं.

त्यामुळे माझा एक कडक नियम आहे, तो तुम्हालाही सुचवते. कोणीतरी वर्गात वापरलं नसेल तर ते सामाईक संग्रहात जात नाही. शिक्षकांनी स्वतःच्या वाचनासाठी घ्यायच्या लेखांना सवलत आहे, पण तिथेही सुचवणाऱ्याने लेख पूर्ण वाचलेला हवा. दुसरा नियम संख्येचा. एका घटकाला तीनच गोष्टी: एक शिकवण्यासाठी, एक सरावासाठी, एक मागे राहिलेल्या मुलांसाठी. चौथी चांगली आली तर आधीच्या तिघांतली एक बाहेर जाते. हे ऐकून सुरुवातीला लोक नाराज होतात, कारण प्रत्येकाला आपण पाठवलेलं तिथे दिसावं असं वाटतं. पण मर्यादा असली की आपोआप चर्चा होते, ‘हे का ठेवायचं, ते का काढायचं’. ती चर्चा शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, झाली तर परिषदेचाच दर्जा वाढतो.

साहित्याची नोंद कुठे करायची? गुगल शीटमध्ये. दिसायला साधी गोष्ट आहे, पण पाया तोच ठेवा. इयत्ता, विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवं), लिंक, साहित्याचा प्रकार, व्हिडिओची मिनिटं किंवा फाइल किती एमबीची, मूळ कोणाचं, परवाना काय, वापरलं कोणी, टिपण, आणि लिंक शेवटची कधी तपासली, एवढे रकाने पुरतात. लोकांकडून माहिती घ्यायला एक छोटा गुगल फॉर्म करा. त्यातली उत्तरं थेट शीटमध्ये येतात. फॉर्ममध्ये चार-पाचपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका. बाकीचे रकाने तुम्ही आणि तुमचे सहकारी भरा.

पाया शीटचा का, वेकलेटचा का नाही, तर साधनं बंद पडतात म्हणून. गुगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं, स्टोरीफाय २०१८ मध्ये, गुगल बुकमार्क्स २०२१ मध्ये. वाचायच्या गोष्टी साठवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं पॉकेट मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केलं. ज्यांचं सगळं काम त्या त्या साधनातच होतं, त्यांना मुदतीच्या आत ते बाहेर काढायची धावपळ करावी लागली. मोफत योजनांच्या अटीही मधूनच बदलतात. तुमची नोंद शीटमध्ये असेल आणि वर्षातून दोनदा ती एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात उतरवून पेनड्राइव्हवर ठेवलेली असेल, तर दर्शनी साधन उद्या बदललं तरी काम जात नाही.

आणि हे सगळं केंद्राच्या नावाने काढलेल्या स्वतंत्र खात्यावर करा, तुमच्या वैयक्तिक जीमेलवर नको. आपल्याकडे बदल्या होतात. शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेले, फोन बदलला, ड्राइव्ह भरलं म्हणून त्यांनी जुन्या फाइल काढल्या, की संग्रहाच्या लिंका एकेक करून मरतात. मोफत खात्याची १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह अशा तिघांत मिळून असते, त्यामुळे वैयक्तिक खातं भरायला वेळ लागत नाही. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर असं खातं गुगल हटवू शकतं, हेही लक्षात ठेवा. पासवर्ड निदान दोघांकडे हवा आणि खात्याला जोडलेला फोन नंबर कोणाचा आहे हे केंद्रप्रमुखांच्या वहीत लिहिलेलं हवं.

आता तुमचा पहिला प्रश्न, साधन कोणतं. इथे खरंच परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून परिस्थितीसकट सांगते.

वेकलेट शिक्षकांना दाखवण्यासाठी चांगलं आहे. एका घटकाचा एक संग्रह करायचा, त्यात व्हिडिओ, पीडीएफ, संकेतस्थळ यांची कार्डं येतात आणि प्रत्येकाबरोबर आपलं टिपण लिहिता येतं. पाहणाऱ्याला खातं काढावं लागत नाही. संग्रह सर्वांसाठी खुला ठेवता येतो किंवा फक्त लिंक असलेल्यांनाच दिसेल असा. केंद्रासाठी मी दुसरा पर्याय घेईन. पॅडलेट मला गोळा करायला आवडतं, साठवायला नाही. शिक्षण परिषदेत भिंतीवर एक पॅडलेट लावायचं, इयत्तावार रकाने करायचे आणि अर्ध्या तासात प्रत्येकाने या महिन्यात वर्गात वापरलेली एक गोष्ट त्यात टाकायची, याला ते फार उत्तम. पण मोफत खात्यात मोजकेच फलक मिळतात, म्हणून परिषद झाली की त्यातलं निवडक शीटमध्ये घ्या आणि फलक रिकामा करून पुढच्या वेळी पुन्हा वापरा.

गुगल साइट हे केंद्राचं कायमचं घर म्हणून मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. सजावट कमी असली तरी फोनवर नीट दिसतं, आणि मुखपृष्ठावर पहिली ते आठवी अशी आठ बटणं केली की कोणालाही शिकवावं लागत नाही. वेकलेटचे संग्रह त्या बटणांमागे जोडता येतात. टेलिग्राम तिथे कामाला येतं जिथे फाइल उतरवून घेणं महत्त्वाचं आहे: मोठा व्हिडिओही जातो, नंतर सामील झालेल्या शिक्षकालाही जुन्या फाइल दिसतात आणि पाठवलेल्या संदेशातलं टिपण दुरुस्त करता येतं. पिंटरेस्ट मी शिक्षकांच्या सामाईक संग्रहासाठी वापरत नाही. चित्रं, हस्तकला यांच्या कल्पनांना ते बरं, पण लॉगिन मागतं आणि मूळ कृती कोणाची ते बहुतेक वेळा हरवलेलं असतं.

व्हॉट्सॲप बंद करू नका, ते बंद होणारही नाही. त्याचं काम फक्त दारावरच्या घंटीचं ठेवा: ‘चौथीच्या अपूर्णांकात नवी कार्यपत्रिका आली, इथे पाहा’ एवढा संदेश आणि लिंक. फाइल ग्रुपवर नको. साइटचा पत्ता ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा. संदेश पिन करता येतो, पण जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, म्हणून महिन्याने पुन्हा करावा लागतो.

तुमच्या केंद्रात नेटवर्क कसं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. शहराजवळचं केंद्र असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं चालेल. पण धडगाव, धारणी, भामरागड अशा दुर्गम भागांतल्या शाळांचा विचार केला तर उत्तर बदलतं. तिथे यूट्यूबच्या लिंकांचा संग्रह करणं म्हणजे शिक्षकांना डोंगरावर नेटवर्क शोधायला पाठवणं. अशा ठिकाणी छापता येण्याजोगं साहित्य आधी घ्या, पीडीएफ दोन-तीन एमबीच्या आत ठेवा, आणि शिक्षण परिषदेच्या दिवशी मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर सगळ्यांना प्रत द्या. शीटमधला ‘किती एमबी’ हा रकाना याचसाठी आहे. द्विशिक्षकी शाळा जास्त असतील तर आणखी एक रकाना वाढवा: एका वर्गात दोन-तीन इयत्ता बसल्या असताना हे चालतं का. एक गट शिक्षकाशिवाय वीस मिनिटं काम करू शकेल असं साहित्य या शाळांना सोन्यासारखं असतं, आणि ते शोधताच येत नाही, कारण कोणी तसं नोंदवत नाही. मुलांची घरची भाषा कोरकू, पावरी किंवा माडिया असेल तर कोणते शब्द आधी समजावून द्यावे लागले तेही टिपणात यावं.

मांडणीबद्दल एक महत्त्वाचं. साहित्य धड्याच्या क्रमांकाने किंवा पान क्रमांकाने लावू नका, संकल्पनेने लावा. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकं चार भागांत आणि कोऱ्या पानांसह आली, २०२५-२६ पासून ती कोरी पानं गेली, पहिलीचं पुस्तक त्याच वर्षी नवीन आलं आणि पुढच्या इयत्तांचीही नवी येणार आहेत. ‘भाग २, पान ३४’ अशी नोंद त्यात निरुपयोगी होते. ‘दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी’ ही नोंद टिकते, कारण पुस्तक बदललं तरी मुलांना ती शिकायचीच असते. लिहिण्यात एकवाक्यता ठेवा: कुठे ‘३ री’, कुठे ‘तिसरी’, कुठे इंग्रजीत, असं झालं की शीटमधली गाळणी काम करत नाही. शीटमध्ये यादीतून निवडायची सोय करा, म्हणजे टाइप करायचा प्रश्नच राहत नाही. आणि बरेच शिक्षक फोनवर रोमन लिपीत ‘वजाबाकी’ टाइप करून शोधतात, म्हणून शोधशब्दांच्या एका रकान्यात ते स्पेलिंगही घालून ठेवा.

साहित्य आणायचं कुठून, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण चांगलं आणि हक्काचं साहित्य आपल्या हाताशी असून फार कमी वापरलं जातं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ आहेत आणि ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत. पाचवी ते आठवीच्या पूरक वाचनाला ते अंक म्हणजे खजिना आहे. २०१७ पासून चालणाऱ्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण मंचावर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं साहित्य आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मूळ लेखक-चित्रकारांना श्रेय देऊन त्या छापता, बदलता, मुलांच्या बोलीत आणता येतात. मराठी विश्वकोश आहे. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आहे, तिथे खेळण्यांच्या कृती आणि मराठी पुस्तकंही आहेत.

पण यांच्या मुखपृष्ठाची लिंक देऊन थांबू नका, त्याने कोणाचंच काम होत नाही. आत जाऊन एक नेमकी गोष्ट बाहेर काढा. उदाहरणार्थ, गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांची कृती घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबला तर तो तसाच राहतो, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो, आणि कर्णावर एक काडी लावली की तोही घट्ट होतो. ती लिंक भूमितीच्या घटकाखाली ठेवायची, आणि टिपणात लिहायचं की व्हॉल्व्ह ट्यूब सायकलच्या दुकानात मिळते, तुकडे साधारण दोन सेंटिमीटरचे कापा, काड्यांचा गूल आधी खरवडून काढा. एवढं असेल तर शिक्षक दुसऱ्या दिवशी करतो.

परवान्याबद्दल थोडं. बालभारतीच्या पीडीएफ आपल्या ड्राइव्हवर चढवू नका, लिंक द्या. स्वामित्व पाठ्यपुस्तक मंडळाचं आहे, आणि पुस्तक सुधारलं तर आपल्याकडे जुनी प्रत पडून राहते. यूट्यूबचंही तेच, व्हिडिओ उतरवून पुन्हा चढवू नका. बाजारातल्या गाईडांची स्कॅन केलेली पानं संग्रहात अजिबात नकोत. ‘शिक्षणासाठी चालतं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे हे खरं, आणि २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रतींच्या खटल्यात उच्च न्यायालयाने तिचा अर्थ बराच व्यापक लावला. पण वर्गात शिकवताना प्रत देणं वेगळं आणि कोणालाही उघडेल अशा लिंकवर कायमचं ठेवणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला ती सवलत लागू होते असं धरून चालू नका.

आपल्याच शिक्षकांच्या कष्टाचंही असंच आहे. एखाद्या शिक्षिकेने रात्री जागून केलेल्या कार्यपत्रिकेवरचं नाव खोडून दुसऱ्याचं नाव घातलेली प्रत फिरत फिरत तिच्याच ग्रुपवर येते, हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही. ती शिक्षिका पुढची कार्यपत्रिका कोणाला देत नाही. म्हणून ‘मूळ कोणाचं’ हा रकाना रिकामा असेल तर साहित्य थांबवून ठेवा, ग्रुपवर विचारा, शोधा.

दुसरा प्रश्न, लोक वापरतील का. पहिल्या दोन-तीन वेळा उघडल्यावर उपयोगाचं मिळालं तर वापरतील, लॉगिन किंवा ‘ॲक्सेसची विनंती करा’ असं दिसलं तर परत येणार नाहीत. त्यामुळे सगळ्या इयत्ता एकदम उघडू नका. एक इयत्ता, एक विषय घ्या, त्यातले पुढच्या दोन महिन्यांत शिकवायचे घटक घ्या आणि तेवढंच नीट करा. मग केंद्रातल्या ज्या शिक्षकांना फोनचा सगळ्यांत कंटाळा आहे त्यांच्या हातात फोन द्या आणि न बोलता बाजूला उभे राहा. एका मिनिटात ते कार्यपत्रिकेपर्यंत पोहोचले तर मांडणी बरोबर आहे. अडकले तर जिथे अडकले तिथे बदल करा. त्यांना प्रशिक्षण देऊ नका.

काम वाटून घ्या. प्रत्येक इयत्तेला एक जण, तोही ती इयत्ता शिकवणारा. तुम्ही सर्वांचं एकटे करू लागलात तर वर्षभरात थकाल, आणि मुख्य म्हणजे पहिलीच्या साहित्याबद्दल सातवीच्या शिक्षकाने निर्णय घेणं योग्यही नाही. लिंकांची तपासणी वर्षातून दोनदा, एकदा जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी, एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. न उघडणारी लिंक तशीच ठेवू नका. एखादं जुनं पान बंद पडलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत मिळते का पाहा. आपल्या जिल्ह्यांतल्या शिक्षकांचे कितीतरी गुणी ब्लॉग मधेच थांबलेत. त्यांतलं चांगलं आत्ताच तिथे जतन करून ठेवलंत तर तुमच्यानंतरच्यांनाही मिळेल.

राहिला तिसरा प्रश्न, मुलांच्या कामाचे फोटो आणि व्हिडिओ. मुलांचं काम जरूर दाखवा, ते सगळ्यांत बोलकं साहित्य असतं. मुलाने वजाबाकी चुकवली कशी, हे दाखवणारं वहीचं एक पान पाठाच्या व्हिडिओइतकंच शिकवतं. पण मूल ओळखू येऊ देऊ नका. वहीवरचं नाव झाका, फोटोत हात आणि साहित्य घ्या, चेहरा नको, गणवेशावरचं शाळेचं नाव नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. चेहरा दिसणारा व्हिडिओ अगदी हवाच असेल, तर साध्या मराठीत लेखी संमती घ्या: कशासाठी, कुठे दिसेल, किती काळ, आणि नको वाटलं तर काढायला कोणाला सांगायचं. वाचता न येणाऱ्या पालकांना ते वाचून दाखवा. आणि एक काम हा संग्रह सुरू करण्याच्याही आधी करा: केंद्राच्या ग्रुपवर आणि सामाईक ड्राइव्हवर मुलांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती असलेल्या ज्या एक्सेल याद्या पडून आहेत, त्या केंद्रप्रमुखांना सांगून काढून घ्या. नव्या खात्यात त्यांतली एकही येऊ देऊ नका.